बंड्यास, न जेवता निघालो त्याबद्दल

महाल, नागपूर
४ जानेवारी २०२६

प्रिय बंड्या,

तू रागावला आहेस हे वहिनींच्या बोलण्यावरून कळलं. चिमीच्या लग्नात मी अक्षता टाकल्या, फोटोत दात काढून उभा राहिलो आणि पंगत बसायच्या आत नाहीसा झालो. तुझ्या घरच्या वडाभातावर पाणी सोडून उठणारा मी नव्हे, हे तीस वर्षांत तुझ्याइतकं कुणाला ठाऊक? म्हणून तुझा राग मला मान्य आहे. रागावला नसतास तर जास्त वाईट वाटलं असतं.

तुझे दोन फोन मी उचलले नाहीत. फोनवर बोलता बोलता एखादा साधा शब्द हरवतो, मी तो शोधत बसतो आणि तू म्हणतोस, "अबे, आहेस ना?" कागदावर शब्द हरवला तर वाट पाहता येते. हे पत्र एका बैठकीत होणार नाही. मध्येच शाई बदललेली दिसली तर समज, तिथं मी झोपायला गेलो होतो.

आधी लग्नाचं सांगतो. तू मांडवात मला पाहिलंस, मला कडकडून मिठी मारलीस आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालास, "कुठं आजारी आहे बे हा, चांगला गुटगुटीत दिसते!" तुला माहीत नाही ते असं, की त्या चार तासांसाठी मी आधीचा अख्खा आठवडा पडून काढला होता. शाळेतून रजा, घरी जिना चढणं बंद, दाढीसुद्धा आदल्या दिवशी करून ठेवलेली. काटोलमार्गे येताना तुझ्या वहिनीने मला मागच्या सीटवर आडवं झोपवून आणलं. स्टेजवर फोटोसाठी जी रांग होती ना, त्यात पंचवीस मिनिटं उभा होतो. अर्ध्यातच छाती धडधडायला लागली, कानात शिट्टी वाजू लागली, हसू मात्र तसंच ठेवलं. मग उतरून वऱ्हाडाच्या बॅगा ठेवलेल्या खोलीत गेलो आणि सतरंजीवर पाय भिंतीला वर लावून पडलो. तुझ्या एका साडूने दार उघडलं, मला तसा पाहिला आणि हळूच विचारलं, "काऊन सर, इतक्या लवकर लागली?" मी म्हटलं, हो. तेच सोपं होतं.

तेवढ्यावर भागलं असतं तर हे पत्र लिहिलं नसतं. दुसऱ्या दिवशी, सोमवारी, मी चांगला होतो. दूध आणलं, आठवीचे पेपर तपासले, म्हटलं, या खेपेला सुटलो. मंगळवारी सकाळी टूथब्रश हातात घेतला आणि तो जड वाटला. अलंकार म्हणून सांगत नाही, बंड्या. कोपर बेसिनला टेकवून दोन्ही हातांनी ब्रश धरला, वरचे दात झाले, खालचे राहिले, तसाच चूळ भरून परत गादीवर. पुढचे नऊ दिवस पडदे लावून. कुकरची शिट्टी झाली तरी डोक्यात खिळा ठोकल्यासारखं होई. पोराने टीव्हीचा आवाज इतका कमी केला होता की तो क्रिकेट नुसतं बघत होता.

या दुखण्याची मेख इथंच आहे. श्रम आज केले तर हिशोब उद्या-परवा येतो, बारा तासांनी, कधी अठ्ठेचाळीस तासांनी, आणि केलेल्या श्रमाच्या कितीतरी पट. डॉक्टरांकडे याला नाव आहे, पोस्ट-एग्झर्शनल मलेज. पण उशिरा येत असल्यामुळे माझ्याखेरीज आणि घरच्यांखेरीज तो कुणी पाहत नाही. लोक मला पाहतात ते मी बाहेर पडू शकलो त्या दिवशी. पडलो त्या दिवशी कोण पाहणार?

(थांबलो होतो. आज सात तारीख.)

सुरुवात तुला अर्धवटच माहीत आहे. २०२४ चा तान्हा पोळा. दरवर्षीसारखा मारबत पाहायला गेलो होतो. नेहरू पुतळ्याजवळ काळ्या आणि पिवळ्या मारबतीचे पुतळे समोरासमोर येतात तिथं मरणाची गर्दी, वरून भुरभुर पाऊस, आणि सगळ्या पोट्ट्यांबरोबर मीही घसा फोडून ओरडलो, "इडा-पिडा, रोगराई घेऊन जा गे मारबत!" तिसऱ्या दिवशी मला एकशे तीन ताप. मारबतीने बहुतेक माझा पत्ता चुकीचा लिहून घेतला.

त्या पावसाळ्यात नागपुरात चिकनगुनियाने धुमाकूळ घातला होता. आमच्या गल्लीत घरटी एक माणूस वाकून चालत होता. मीही तापाच्या दुसऱ्याच दिवशी रक्त देऊन आलो, आणि तिथंच घोटाळा झाला. चिकनगुनियाची जी साधी तपासणी असते ती आयजीएम नावाच्या प्रतिद्रव्याची. ते रक्तात दिसायला साधारण पाच दिवस लागतात. पहिल्या दिवसांत विषाणू पकडायचा तर आरटी-पीसीआर करावी लागते, ती कुणी सांगितली नाही आणि मी विचारली नाही. डेंग्यूची एनएस-वनही निगेटिव्ह आली. कोविडची तर कुणाला आठवणही झाली नाही. पाचव्या दिवशी ताप उतरला, कागदावर 'व्हायरल फीवर' लिहिलं गेलं आणि विषय संपला. म्हणजे तेव्हा तसं वाटलं.

पुढे चार महिन्यांनी एका डॉक्टरांनी आयजीजी, म्हणजे दुसऱ्या एका प्रतिद्रव्याची तपासणी, करायला लावली. ती पॉझिटिव्ह! मला इतका आनंद झाला की पेढे आणायचेच बाकी होते. डॉक्टर म्हणाले, थांबा, आयजीजी वर्षानुवर्षं रक्तात राहते. २००६ च्या साथीत तुम्हाला ताप आला होता का? आला होता रे. तूच तर तेव्हा माझ्याकडे होतास, पायऱ्या उतरताना मला धरत होतास. म्हणजे ही खूण तेव्हाची की आताची, हे सांगायला कुणी नाही. गुन्हेगाराच्या बोटांचे ठसे सापडावेत आणि तो त्याच घरचा भाडेकरू निघावा, तसं झालं.

बाकीच्या तपासण्यांची फाईल आता तुझ्या सातबाऱ्याच्या पिशवीएवढी झाली आहे. हिमोग्लोबिन, साखर, थायरॉईड, बी-ट्वेल्व्ह, ईएसआर, सीआरपी, एएनए, छातीचा फोटो, टू-डी एको. डी जीवनसत्त्व तेवढं कमी, ते नागपूरच्या उन्हात राहूनही सगळ्यांचंच कमी असतं म्हणे. धंतोली आणि रामदासपेठेत जेवढे जिने आहेत तेवढे मी चढलो, आणि प्रत्येक जिन्याची किंमत दोन दिवसांनी मोजली. एकाने म्हटलं वयाचं आहे. एकाने टेन्शन विचारलं आणि झोपेची गोळी दिली. ती दोन महिने मुकाट्याने घेतली, झोप चांगली लागली, उठल्यावर थकवा तितकाच. मन खचत नाही असं मी म्हणत नाही. सोळा महिने पडून राहा म्हणावं, कुणाचं खचणार नाही? पण आधी काय आणि नंतर काय, याचा क्रम तरी कुणी विचारावा.

शेवटी एका तरुण डॉक्टरीणबाईंनी चाळीस मिनिटं दिली. मला आडवं झोपवून नाडी मोजली, चौऱ्याहत्तर. मग भिंतीला टेकून दहा मिनिटं उभं केलं आणि दर मिनिटाला मोजली. दहाव्या मिनिटाला शंभर, बीपी मात्र जागच्या जागी. उभं राहिल्यावर नाडी तिसाने किंवा जास्त वाढली आणि तशीच राहिली, तर त्याला पॉट्स म्हणतात. माझी सव्वीस. जन्मभर पोरांना चार-चार मार्कांनी नापास करत आलो, आता स्वतः चार ठोक्यांनी नापास झालो! बाई हसल्या. म्हणाल्या, उद्या तीस भरेल, परवा वीस. आकड्याच्या मागे लागू नका. मीठ-पाणी वाढवा, घट्ट मोजे घाला, उभं राहणं तोडून तोडून करा. आणि कागदावर निदानाच्या जागी लिहिलं, 'पोस्ट-व्हायरल फटीग', म्हणजे विषाणूच्या तापामागून राहिलेला थकवा, आणि पुढे एक प्रश्नचिन्ह.

त्या प्रश्नचिन्हाकडे मी घरी येऊन बराच वेळ पाहत बसलो. निळ्या शाईचं, जरा लांबट, खालचा ठिपका कागदात रुतलेला. आधी वाटलं, इथंही अर्धवटच. मग वाटलं, एवढ्या कागदांत खरं लिहिलेला हा एकच. याला पक्कं ठरवणारी रक्ताची तपासणी अजून निघालेलीच नाही. बाकीचं एकेक बाजूला सारत जायचं आणि उरेल त्याला हे नाव द्यायचं. १९५५ साली लंडनच्या रॉयल फ्री हॉस्पिटलमध्ये नर्सा आणि डॉक्टरच धडाधड असे आजारी पडले होते, तरी पुढे काही डॉक्टरांनी तो सामूहिक उन्माद ठरवला. म्हणजे खुद्द डॉक्टरांची ही गत, तिथं मी कोण?

पण शाळेला प्रश्नचिन्ह चालत नाही. रजेच्या अर्जात 'आजाराचे नाव' असा रकाना असतो. आमचा क्लार्क भला माणूस. माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "सर, टायफॉईड लिहून टाका ना. सोळा महिन्यांचा टायफॉईड कुणी वाचत नाही." मी रकाना रिकामा सोडला, अर्ज परत आला. मग प्रश्नचिन्हासकट लिहिलं, तर वरून शेरा आला, 'निदान स्पष्ट करावे'. त्यांना जे हवं आहे तेच मला हवं आहे, फरक एवढाच की माझी अर्धवेतनी रजा संपत आली आहे.

(दहा तारीख. काल काहीच केलं नाही. मुद्दाम.)

आता तुझ्या सल्ल्याबद्दल. दिवाळीत तू म्हणाला होतास, "लेका, फुटाळ्यावर रोज दोन चकरा मार. झाडाला ताण दिल्याशिवाय बहार येत नाही." तुझं वाक्य मला इतकं पटलं की मी खरंच मारल्या. पाच दिवस. सहाव्या दिवसापासून पंधरा दिवस गेले. तुला सांगितलं नाही, कारण तू प्रेमाने म्हणाला होतास.

पण आता तुझ्याच भाषेत विचारतो. सध्या तू अंबिया बहारासाठी संत्र्याच्या बागेचं पाणी तोडलं असशील. ज्या झाडाला डिंक्या रोग लागला आहे, त्याला तू असा पाण्याचा ताण देतोस का? त्याची पानं वरून हिरवी दिसत असली तरी? तू आधी बुंध्याशी उकरून मुळं पाहशील, पेस्ट लावशील, आणि त्या वर्षी त्या झाडाकडून बहाराची अपेक्षाच धरणार नाहीस. माझंही तसंच धर. पूर्वी डॉक्टरही असल्या रोग्याला दर आठवड्याला थोडा थोडा व्यायाम वाढवायला सांगत. इंग्लंडच्या नाइस या संस्थेने २०२१ मध्ये, श्रमांनंतर असं कोसळणाऱ्या रोग्यांसाठी तो उपचार आपल्या सूचनांतून काढून टाकला. ताकद असेल तेवढ्याच्या आत राहा म्हणतात. आपली आजी हेच अंथरूण पाहून पाय पसरावे म्हणून सांगायची. फक्त माझं अंथरूण रोज वेगळ्या मापाचं निघतं, आणि माप सकाळी कळत नाही, पाय बाहेर गेल्यावर कळतं.

आपण सायकलने रामटेकला गेलो होतो, आठवतं? पन्नासेक किलोमीटर, वरून गडाच्या पायऱ्या पळत चढलो आणि त्याच रात्री परत. त्या पोरावर मी कधीकधी चिडतो. किती उधळली लेकाने!

शाळेत आता मी उंच स्टुलावर बसून शिकवतो. पोरं फळ्यावर लिहितात, मी बोलतो. मागच्या महिन्यात वर्तुळाच्या क्षेत्रफळाचं सूत्र सांगता सांगता थांबलो. पाय आर स्क्वेअर, रे. बावीस वर्षं शिकवतो आहे. समोर पाटी कोरी. वर्गात टाचणी पडली तर ऐकू येईल अशी शांतता. मग मागच्या बाकावरचा एक व्रात्य पोट्टा, ज्याला गणितात कधी पस्तीस मिळाले नाहीत, उठला, फळ्यावर सूत्र लिहिलं आणि गुमान जाऊन बसला. कुणी हसलं नाही. तास सुटल्यावर मी त्याला काही बोललो नाही, तोही नाही. त्या दिवशी घरी येऊन रडलो. दुःखाने की कशाने, ते नाही सांगता येत.

आई अजून दर शनिवारी मीठ-मोहऱ्या-मिरच्यांनी माझी दृष्ट काढते. ठसका लागतो, पण मी बसतो. निदान तिला तरी नक्की माहीत आहे मला काय झालंय.

बरं वाटतं का? मधूनमधून वाटतं. मागच्या पावसाळ्यापेक्षा या हिवाळ्यात पडून राहायचे दिवस कमी झाले आहेत. तुझी वहिनी कॅलेंडरवर फुल्या करते, त्यावरून सांगतो. उन्हाळ्याची मात्र धास्ती वाटते. मागच्या मे महिन्यात कुलरसमोरून हललो की भोवळ यायची.

आता काम सांगतो. अंबियाचं पाणी सोडून झालं की फेब्रुवारीत ये. येण्याआधी दोन दिवस फोन कर, म्हणजे मी आधी पडून घेईन. शनिवारी नको, शनिवारी शाळेचा थकवा असतो. रविवारी दुपारी चारनंतर ये. तासभर बस. मी मध्येच आडवा झालो तर तू बोलत राहा, मला ऐकू येतं. मी गप्प झालो तर 'अबे, आहेस ना' म्हणू नकोस, शब्द शोधत असेन. लग्नाचा व्हिडिओ आण, मला पंगत पाहायची आहे, कुणी किती वडे हाणले ते. आणि मृगाची संत्री उतरली असली तर चार आण, चारच, पिशवीभर नको. सोलून मात्र तूच द्यायची.

चिमीला आणि जावईबापूंना आशीर्वाद. त्यांना म्हणावं, काका रुसून गेला नव्हता.

तुझा,
चार ठोक्यांनी नापास