सगळ्यांनी हात वर केले तरी

चि. सागर,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू सहज बोलून गेलास की वर्गाने मास बंक ठरवला होता, एक मुलगा तरीही लेक्चरला जाऊन बसला, आणि आता त्याच्याशी कोणी बोलत नाही, ग्रुपमधून त्याला काढलंय, मेसमध्ये तो एकटाच जेवतो. तू बोलतोस का विचारलं तर म्हणालास, "बाबा, सगळ्यांनीच ठरवलंय, मी एकटा काय करणार." तुझी आई म्हणाली पोरांचं चालायचंच, चार दिवसांत विसरतील. पण माझ्या डोक्यातून ते जाईना. फोनवर तू मला इतकं बोलू देणार नाहीस म्हणून लिहितोय. मोठा मेसेज दिसला की तू नुसता अंगठा पाठवतोस, हा मात्र शेवटपर्यंत वाच.

माझी सगळी नोकरी ग्रामपंचायतीत, माणसं एकत्र बसली की कशी वागतात ते बघण्यात गेली. ग्रामसभेत मी टेबलाशी प्रोसिडिंग लिहायला बसतो. विषय वाचला जातो, सूचक अमुक, अनुमोदक तमुक, ठराव सर्वानुमते मंजूर. रजिस्टरमध्ये एकदम चोख दिसतं. पण समोरचे चेहरे मला दिसतात ना. पुढच्या रांगेतल्या दोन-तीन वजनदार माणसांनी मान हलवली की मागचे हलवतात, बायका दाराशी उभ्या असतात त्यांना कोणी विचारतच नाही, आणि सह्या झाल्या, सभा उठली की बाहेर चहाच्या टपरीवर तीच माणसं मला गाठतात, भाऊसाहेब, हे काही बरोबर झालं नाही बघा. मग आत का नाही बोललात? तर उत्तर ठरलेलं, सगळेच हो म्हणत होते. म्हणजे आत बसलेल्या कितीतरी जणांना पटलेलं नसतं आणि प्रत्येकाला वाटत असतं की न पटणारा मी एकटाच. तुझ्या वर्गातही असंच असणार असं मला खात्रीने वाटतं. त्या पोराशी बोलावं असं मनातून वाटणारे तुमच्यात निम्मे तरी निघतील, पण विचारणार कोण?

यावर अमेरिकेत सॉलोमन अ‍ॅश नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९५० च्या दशकात एक प्रयोग केला होता. कॉलेजची सात-आठ मुलं एका खोलीत बसवायची, एका कार्डावर एक रेघ, दुसऱ्या कार्डावर तीन, त्यातली पहिलीएवढी कोणती ते एकेकाने मोठ्याने सांगायचं. लहान पोरालाही जमेल इतकं सोपं. गंमत अशी की एक मुलगा सोडला तर बाकी सगळे अ‍ॅशने आधीच पढवून ठेवलेले, ते ठरवून चुकीचं सांगायचे, आणि या बिचाऱ्याचा नंबर शेवटी-शेवटी यायचा. एकट्याला विचारलं तर शंभरात एखादं उत्तर चुकायचं, पण त्या खोलीत जवळजवळ तीनातलं एक चुकायला लागलं, आणि चारातल्या तिघांनी निदान एकदा तरी डोळ्यांना दिसतंय त्याच्या उलट सांगितलं. नंतर विचारलं तर काही म्हणाले आम्हाला वाटलं आपलेच डोळे चुकतायत, काहींना खरं काय ते कळत होतं पण वेगळं पडायचं नव्हतं. कोणी दम दिला नव्हता, मारलं नव्हतं, मार्कही कापले जाणार नव्हते, तरी!

पण त्यातलं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते पुढे आहे. अ‍ॅशने नंतर त्या पढवलेल्यांपैकी एकाला खरं उत्तर द्यायला सांगितलं. एकालाच. बाकी सगळे चुकीचंच बोलतायत, फक्त एक जण बरोबर बोलतोय, तेवढ्यावर त्या मुलाच्या चुका पार चौथ्या हिश्शावर आल्या. बहुमत लागलं नाही रे, एक सोबती पुरला. म्हणून "मी एकटा काय करणार" हे तुझं वाक्य मला पटत नाही.

आणि कोणीच तोंड उघडलं नाही तर काय होतं ते आपल्याच धुळे जिल्ह्यात घडलंय. १ जुलै २०१८, साक्री तालुक्यातलं राईनपाडा, आठवडे बाजाराचा दिवस. सोलापूरकडची नाथपंथी डवरी गोसावी समाजाची पाच माणसं, पिढ्यानपिढ्या भिक्षा मागत फिरणारी. मुलं पळवणारी टोळी आलीय असे मेसेज त्याआधी मोबाईलवर धुमाकूळ घालत होते. कोणाला तरी संशय आला, गर्दी जमली, आणि त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून जीव जाईस्तोवर मारलं. पाचही गेले. ज्या खोलीत आमच्यासारखा माणूस बसून रहिवासी दाखले लिहून देतो तशी खोली, सागर. बाजाराला आलेली माणसं काय राक्षस होती का? सकाळी घरून निघताना कोणाच्या मनातही नसेल की आज आपण कोणाला मारणार आहोत. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात मेसेज एका वेळी फक्त पाच जणांनाच फॉरवर्ड करता येईल असं केलं. बरं झालं, पण गर्दीत "थांबा, आधी पोलिसांना बोलवू" असं म्हणणारा कुठल्या कंपनीला पाठवता येत नाही.

तुमचा प्रकार तिथवर गेलाय असं मी म्हणत नाही, अजिबात नाही. पण एखाद्याला सगळ्यांनी मिळून तोडायचं, त्याला वाळीत टाकणं म्हणतात, आणि आपल्या राज्यात जात पंचायतींनी त्यापायी घरंच्या घरं उद्ध्वस्त केलीत. किराणा मिळत नाही, लग्नाला बोलावणं नाही, मयताला खांदा द्यायलाही कोणी येत नाही. शेवटी २०१६ मध्ये विधिमंडळाने सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा केला, जुलै २०१७ पासून तो लागू आहे, तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. तो कायदा हॉस्टेलच्या भांडणासाठी नाही हे मलाही माहितीय. पण त्या मुलाला सबमिशनची तारीख कळू द्यायची नाही आणि कोणाच्या लग्नाचं बोलावणं द्यायचं नाही, यात मूळ वृत्ती एकच आहे.

यावरून सगळे मिळून काही ठरवतात तेच वाईट असं समजू नकोस. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने मे २०२२ मध्ये ठराव केला की नवरा वारल्यावर बाईचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र काढायचं नाही. एकट्या बाईने हे करायचं म्हटलं असतं तर तिला किती ऐकून घ्यावं लागलं असतं, तुझ्या आजीने काय काय सोसलं ते तू लहानपणी बघितलंयस. गाव पाठीशी आलं म्हणून जमलं, आणि त्याच महिन्यात सरकारने बाकीच्या गावांनाही तसं करायचं परिपत्रक काढलं.

आणि गडचिरोलीतलं मेंढा लेखा. चार-पाचशे वस्तीचं गोंड गाव, "दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार" म्हणणारं. त्यांची ग्रामसभा बहुमताने काही ठरवतच नाही. एकाला जरी पटलं नसेल तरी निर्णय थांबतो, पुढच्या सभेत परत बोलतात, अभ्यास गटात बसून माहिती काढतात, पुन्हा बोलतात. तुझ्या पिढीला हे फार वेळखाऊ वाटेल, मला स्वतःला आमच्या सभांमध्ये असा वेळ मिळाला असता तर आणखी काय हवं होतं. पण याच गावाला २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, देशात सगळ्यात आधी मिळालेल्या गावांत ते आहे. नाही म्हणणाऱ्याला ते गप्प बसवत नाहीत, त्याचं ऐकून घेतात, म्हणून एकदा ठरलं की सगळे ते पाळतात. तुमचा मास बंक कोणी ठरवला रे? त्या मुलाला कोणी विचारलं होतं का?

कदाचित बंक करायला तुमच्याकडे कारण असेलही, प्रोफेसर नीट शिकवत नसतील, मी त्यात पडत नाही. पण उद्या मेसमध्ये ताट घेऊन त्याच्या टेबलावर जाऊन बस. भाषण करायचं नाही, ग्रुपवर पोस्ट टाकायची नाही, नुसतं जेव, आणि सबमिशनची तारीख त्याला सांग. दोन दिवस तुलाही टोमणे मारतील, तुलाही ग्रुपमधून काढलं तर काढू दे, नोट्स दुसऱ्या डिव्हिजनच्या मुलांकडून घे. रूममेटला आधी सांगून बघ, मला वाटतं तो येईल तुझ्याबरोबर, गेल्या वेळी घरी आला होता तेव्हा मला समजूतदार वाटला. आणि काही त्रास वाढला तर लपवू नकोस, मला फोन कर, मी रजा टाकून येतो.

आईने लाडू केलेत, तुझ्या मामासोबत शनिवारी पाठवतोय.

तुझा,
बाबा