चोंदलेल्या नाकाचा माग

पुणे, ४ जुलै

प्रिय मंदार,

सप्रेम नमस्कार. तुझं पत्र दोनदा वाचलं. चार वर्षं चोंदलेलं नाक, तीन डॉक्टर, दोन एक्स-रे, आणि हाती एकच शब्द: ‘ॲलर्जी’. कशाची, ते कुणी सांगितलं नाही असं तू लिहितोस. अरे, ॲलर्जीच आहे की नाही, हेच अजून ठरलेलं नाही. नाक आतून सुजतं ते वीस कारणांनी, आणि बाहेरून सगळी सारखीच दिसतात.

तुझ्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची ओळ तू शेवटी, जाता जाता लिहिली आहेस. रोज रात्री ड्रॉप्स, तेही दीड वर्ष. सुरुवात तिथूनच करायची.

नाकाच्या दोन्ही बाजूंच्या भिंतींवर मांसल घड्या असतात, त्यांना टर्बिनेट म्हणतात. त्यांत रक्त भरलं की त्या फुगतात आणि वाट बंद होते. ऑक्सिमेटाझोलिन किंवा झायलोमेटाझोलिनचे थेंब रक्तवाहिन्या आवळतात, म्हणून पाच-दहा मिनिटांत नाक मोकळं होतं आणि आठ-दहा तास बरं वाटतं. पण सलग पाच दिवसांच्या वर घेतले की औषध उतरताना घड्या आधीपेक्षा जास्त फुगतात. मग परत थेंब. मूळ दुखणं कधीच गेलेलं असलं तरी नाक बंदच राहतं, कारण आता ते थेंबांमुळेच बंद होतंय. तुझ्यात हे किती आहे, ते थेंब सुटल्याशिवाय कळणार नाही. तोवर गादी बदल, घर रंगव, रक्त तपास, कुठलाच पुरावा धड बोलणार नाही.

एकदम दोन्हीकडचे सोडलेस तर तिसऱ्या रात्री मेडिकलवाल्याचं शटर वाजवशील. म्हणून आधी एकच नाकपुडी सोड. जी थोडी बरी चालते तिच्यात थेंब कायमचे बंद, दुसरीत रात्रीपुरते चालू. त्याच दिवसापासून दोन्हीकडे स्टिरॉइडचा स्प्रे, डॉक्टरांना विचारून. काचबिंदू किंवा मोतीबिंदू असेल तर ते आधी सांगायचं. पहिले चार-पाच दिवस सोडलेली बाजू दगडासारखी बंद राहील. उशी थोडी उंच घे. ती बाजू आपोआप उघडू लागली, बहुधा आठवडा ते दोन आठवडे, की मग दुसरी सोड.

स्प्रेचं नाव ऐकून घाबरू नकोस. फ्लुटिकासोन किंवा मोमेटासोनचा साधारण डोस प्रत्येक नाकपुडीत दिवसातून एकदा दोन फवारे. त्यातलं फारच थोडं रक्तात जातं. ‘स्प्रे मारला, काही फरक नाही’ म्हणणाऱ्या बऱ्याच जणांचं औषध नाकात बसतच नाही. डोकं मागे टाकून मारतात, ते सरळ घशात उतरतं. नाहीतर नळी मधल्या पडद्याकडे रोखतात. मग तो पडदा कोरडा पडतो आणि आठ दिवसांनी रुमालाला रक्त लागतं. नीट पद्धत अशी: आधी नाक हलकेच शिंकर. बाटली हलव, नवी असेल तर फवारा एकसारखा येईपर्यंत हवेत मार. मान किंचित खाली. उजव्या हाताने डाव्या नाकपुडीत आणि डाव्या हाताने उजव्या, म्हणजे नळीचं टोक आपसूक बाहेर, कानाच्या दिशेला वळतं. मारताना श्वास सहज घे, सुंsss करून ओढू नकोस. घशात कडू चव उतरली तर जोरात ओढलास असं समज. आणि स्प्रे काही थेंबांसारखा दहा मिनिटांत लागू पडत नाही. दोन आठवडे रोज, न चुकता घेतल्याशिवाय त्याच्यावर शेरा मारायचा नाही.

हे चालू असताना एक वही कर. रकाने फार नकोत: किती वाजता बंद झालं, कुठे होतास, कोणती बाजू, शिंका किती, खाज आहे का, वास येतो का. तीन आठवडे पुरेत.

बाजू का, ते सांगतो. निरोगी नाकातही काही तासांनी एक बाजू थोडी फुगते आणि दुसरी मोकळी होते, मग उलटं. तेव्हा ‘कधी डावं, कधी उजवं’ याला फार महत्त्व देऊ नकोस. महिनोन् महिने एकच बाजू बंद असेल तर गोष्ट वेगळी. तिथे वाकडा पडदा, पॉलिप म्हणजे नाकातली मऊ वाढ, बुरशीचा गोळा यांचा विचार करायचा.

खाज हा मोठा साक्षीदार. नाकात, टाळूला, डोळ्यांना खाज, लागोपाठ आठ-दहा शिंका आणि पाण्यासारखी धार, असं असेल तर ॲलर्जीची शक्यता बरीच. खाज मुळीच नाही, पण एसीतून उन्हात गेलास की, फोडणीचा ठसका लागला की, उदबत्ती किंवा मच्छर कॉइल लावली की नाक बंद होतं, तर ते नाकाच्या नसांचं हळवेपण. ॲलर्जीच्या चाचण्या त्यात कोऱ्या येतात आणि गोळ्याही फारशा लागू पडत नाहीत. झणझणीत ठेच्याने नाक वाहणं तर निव्वळ तिखटाचं काम, त्याला रोग म्हणू नये. वास जवळजवळ गेलाय आणि दोन्ही बाजू सतत बंद आहेत, असं झालं तर पॉलिप बघावे लागतील. त्यात दम्याची घरघर असेल आणि ॲस्पिरिन किंवा आयब्युप्रोफेनने त्रास वाढत असेल, तर ते पहिल्याच भेटीत सांग. हे तिन्ही एकत्र असणारा एक ठरावीक आजार आहे. बाकीच्या गोळ्यांची यादीही ने. रक्तदाबाच्या किंवा प्रोस्टेटच्या काही औषधांनीसुद्धा नाक चोंदतं, आणि ते विचारायचं बऱ्याचदा राहून जातं.

आता तुझं घर. तळमजला, पश्चिमेच्या भिंतीला ओल, लग्नातली कापसाची गादी, आणि सकाळी उठल्या उठल्या शिंका. यावरून माझा पहिला संशय गादीवर. धुळीतल्या माइट्सवर १९६४ मध्ये नेदरलँड्समधल्या लायडनच्या संशोधकांनी बोट ठेवलं. तोवर नुसतं ‘घरातली धूळ’ म्हणत. हा किडा पाव मिलिमीटरच्या आसपासचा, डोळ्याला दिसत नाही, चावत नाही. आपल्या त्वचेचा कोंडा खातो आणि हवेतला दमटपणा पितो. त्रास होतो तो मुख्यतः त्याच्या विष्ठेच्या कणांचा. ते कण जड असतात, हवेत उडाले तरी थोड्या वेळात खाली बसतात. म्हणून हवा शुद्ध करायचं यंत्र घ्यायचं तू लिहिलंस, ते पैसे आधी उशीवर घाल. आठ तास तुझं नाक उशीत असतं, यंत्र कोपऱ्यात.

ऊन या किड्याला मारतं, कारण तो सुकतो. पण विष्ठा तशीच राहते. म्हणून गादी गच्चीवर टाकून दोन्ही बाजूंनी चांगली तापू दे, मग काठीने बडव. तू बडवायची नाहीस, आणि घरात तर नाहीच. पिंजून घ्यायची असेल तर पिंजारी असताना तू बाहेर जा. जुनी असेल तर सरळ काढून टाक, मी तरी हेच करीन. नव्या गादीला आणि उशीला दाट विणीच्या, चेन लावायच्या खोळी घे. चादरी, अभ्रे, पांघरुणं आठवड्याला ६० अंशांच्या पाण्यात, म्हणजे मशीनच्या गरम पाण्याच्या सेटिंगवर. बादलीतलं कोमट पाणी कामाचं नाही. नुसत्या खोळी घालून मोठ्या माणसांना फारसा फरक पडत नाही, असं अभ्यासांत दिसलंय. खोळी, धुणं आणि अंथरुणाजवळचे जाड पडदे-गालिचे काढणं, हे सगळं मिळून केलं तर आशा. हवेतली आर्द्रता ५० टक्क्यांच्या खाली राहिली तर माइट्स जगत नाहीत, हे पुस्तकात ठीक. जुलैत ठाण्यात ते एसी किंवा डीह्युमिडिफायरशिवाय जमणार नाही, उगाच जीव काढू नकोस.

भिंतीची ओल मात्र सोडू नकोस. पोपडे खरवडून वर रंग मारला की पुढच्या पावसात बुरशी परत तिथेच. आधी पाणी कुठून मुरतं ते शोध: वरच्या मजल्याचं न्हाणीघर, बाहेरचा पाइप, खिडकीचा सज्जा. ते बंद करून भिंत वाळू दे, रंग मग. बुरशी पुसताना मास्क घाल, कोरडी झाडू नकोस. झुरळांचीही ॲलर्जी असते. ओट्याखाली फवारे मारून घर दरवळवण्यापेक्षा जेलचे ठिपके लाव, फवाऱ्याचा वास तुझ्याच नाकाला झोंबेल. आणि दारातल्या पारिजातकाला दोष देऊ नकोस. फुलपाखरं-भुंगे ज्याचे पराग नेतात ते पराग हवेत फारसे उडत नाहीत. उडतात ते गवतांचे, आणि पावसाळ्यात रस्त्याकडेला माजणाऱ्या गाजर गवताचे. त्रास श्रावणापासून दिवाळीपर्यंतच वाढत असेल तर वहीत ते दिसेलच.

एक फुकटातली परीक्षा आहे. थेंब सुटल्यावर, स्प्रे चालू ठेवूनच, आठवडाभर कोरड्या हवेच्या ठिकाणी जाऊन राहा, सोलापूरला मामांकडे वगैरे, पण स्वतःची उशी नेऊ नकोस. तिथे नाक मोकळं आणि परत आल्यावर दोन रात्रींत बंद, तर दोषी घरात आहे. तिथेही तसंच राहिलं तर भिंतीवर खर्च करण्याआधी थांब.

चाचणीचं आता. प्रयोगशाळांचं शंभर पदार्थांचं पॅकेज घेऊ नकोस. त्यातलं आयजीजी या रक्तातल्या प्रतिद्रव्याचं पॅनेल तर निरर्थक आहे. एखादा पदार्थ तू खातोस, एवढंच ते सांगतं. ॲलर्जीशी संबंध असतो तो आयजीई या दुसऱ्या प्रतिद्रव्याचा, पण एकूण आयजीई वाढलेलं असलं तरी ‘कशाची’ हे कळत नाही, जंतांनीही ते वाढतं. आणि मोठ्या माणसाचं नुसतं नाक चोंदण्यामागे खाण्याची ॲलर्जी क्वचितच असते. तेव्हा दही, केळी, वांगं बंद करून वहिनींना छळू नकोस.

कामाची ती स्किन प्रिक टेस्ट. हाताच्या आतल्या बाजूला पेनाने खुणा करतात, प्रत्येकीपाशी माइट, पराग अशा एकेका संशयिताच्या अर्काचा थेंब ठेवतात आणि थेंबातून बारीक टोकाने टोचतात. रक्त येत नाही. पंधरा-वीस मिनिटांनी उठलेल्या गांध्या पट्टीने मोजतात. तुलनेसाठी एक थेंब नुसत्या सलाइनचा असतो, त्याच्यापेक्षा ३ मिलिमीटर किंवा जास्त मोठी गांधी असेल तर ती धरतात. आणखी एक थेंब हिस्टामिनचा, म्हणजे खाज-गांधी उठवणाऱ्या रसायनाचा असतो, तिथे गांधी उठायलाच हवी. नाही उठली तर ॲलर्जीच्या गोळीचा अंमल अजून अंगात आहे, आणि सगळी चाचणी बाद. तू रोज रात्री लिव्होसिट्रिझिन घेतोस, ती आधी सात दिवस बंद हवी. सर्दीच्या मिश्र गोळ्या आणि खोकल्याची औषधं यांतही असंच औषध लपलेलं असतं. नाकातला स्टिरॉइड स्प्रे चालू ठेवला तरी चालतो. झोपेच्या किंवा नैराश्याच्या काही गोळ्यांनीही चाचणी बिघडते, पण त्या आपल्या मनाने थांबवायच्या नाहीत. गोळी बंद करणं जमतच नसेल तर रक्तातली ठरावीक घटकांची आयजीई तपासणी आहे. तिला गोळीची अडचण नाही.

निकालात झुरळ, माइट आणि दोन गवतं आली म्हणून चारही दोषी ठरत नाहीत. अंगात प्रतिक्रिया असते, त्रास मात्र कधीच होत नाही, असं खूप जणांत दिसतं. निकाल वहीशी जुळला तरच धरायचा. जुळला आणि स्प्रेने भागलं नाही, तर त्या घटकाची इम्युनोथेरपी असते, म्हणजे तोच घटक थोडा थोडा देऊन अंगाला सवय लावायची, इंजेक्शनने किंवा जिभेखाली. ती किमान तीन वर्षांची. सहा महिन्यांत सोडायची असेल तर सुरूच करू नकोस.

‘नाकाचं हाड वाढलंय, ऑपरेशन करा’ हे तिसऱ्या डॉक्टरांचं म्हणणं. हाड म्हणजे त्यांना तो मधला पडदा म्हणायचाय. असेलही. पण अगदी सरळ पडदा फार थोड्यांचा असतो, एक्स-रेत वाकडा दिसला म्हणून नाक त्यानेच बंद आहे असं नाही. दुर्बिणीने बघताना ते सूज उतरवणारा फवारा मारतात, तेव्हा लक्ष दे. फवाऱ्यानंतर नाक मोकळं झालं तर अडथळा सुजेचा. तरीही एक बाजू बंदच राहिली तर हाडाची किंवा पॉलिपची बाजू भक्कम. सीटी स्कॅन काढायचाच झाला तर ऐन सर्दीत नको, तेव्हा सगळीच सायनस भरलेली दिसतात. आणि पडदा सरळ केला म्हणून ॲलर्जी जात नाही, स्प्रे पुढेही लागू शकतो. हे ऑपरेशनआधी विचारून घे, नंतर चिडू नकोस.

जलनेती करायची आहे ना, जरूर कर, स्प्रेच्या आधी. उकळून थंड केलेलंच पाणी, नळाचं कधीच नाही. नळाच्या पाण्यात क्वचित असणारा एक अमीबा नाकातून थेट मेंदूकडे जातो. २४० मिलिलिटर पाण्यात बिनआयोडीनचं मीठ पाव ते अर्धा छोटा चमचा आणि चिमूटभर खाण्याचा सोडा. झोंबलं तर मिठाचं माप चुकलंय.

काही गोष्टींना वही-बिही नाही, सरळ डॉक्टर गाठायचा. एकाच बाजूने परत परत रक्त येणं. खाली वाकल्यावर एकाच नाकपुडीतून खारट, स्वच्छ पाणी टपकणं. डोळा सुजणं किंवा दोन दोन दिसणं. तुला साखर आहे म्हणून हेही सांगतो: चेहरा दुखून नाकात काळी खपली दिसली तर त्याच दिवशी जायचं. २०२१ मध्ये म्युकरने काय केलं ते आपण पाहिलंय. सीझनला एक स्टिरॉइडचं इंजेक्शन, असा सल्ला कुणी दिला तर साखरेच्या माणसाने तरी घेऊ नये.

आजपासून फक्त ती बरी चालणारी नाकपुडी सोड आणि स्प्रेचं विचारून घे. गादीला पुढच्या महिन्यापर्यंत हात लावू नकोस, नाहीतर फरक कशाने पडला ते कळायचं नाही. स्किन टेस्टची तारीख मिळाली की कळव. त्या गोळीचे सात दिवस मी मोजतो, तुझ्यावर भरवसा नाही. वहिनींना नमस्कार, चिंगीला पापा.

तुझा,
अनिल