घोड्याला भाकरी का द्यायची नाही (अण्णांना पत्र)

ती. अण्णांना आणि आईला साष्टांग नमस्कार,

परवा फोन मधेच कट झाला, रेंज गेली का तुम्हीच रागानं ठेवला ते कळलं नाही, म्हणून आज सुट्टी बघून सविस्तर लिहायला बसलेय. दादा प्रिंट काढून देईल. मोठ्या अक्षरात काढ रे दादा, अण्णांचा चष्मा बदलायचा राहिलाय ना अजून.

तर अण्णा, तुमचा प्रश्न होता, "मुक्या जनावराला घास देऊ नका असं लोकांना सांगत हिंडायला तिकडं माणसं ठेवतात व्हय? आन् पगार किती?" पगार शून्य. जायचा यायचा खर्च पण आपलाच. आणि 'पोनी पट्रोल' म्हणजे घोड्याचं पेट्रोल नाही, आई हसू नको, गस्त घालणाऱ्या व्हॉलंटियर लोकांना तसं म्हणतात. टीशर्ट देतात एक, सायकल नाहीतर पायी हिंडायचं, पार्किंगमधून, बीचवरून, तंबूंच्या मधून, आणि गोड बोलून लोकांना रानटी घोड्यांपासून लांब ठेवायचं. चाळीस फूट. म्हणजे आपल्या एसटीची एक गाडी मधे उभी राहील एवढं अंतर, इथं पण बसचाच हिशोब सांगतात, म्हणून मला पहिल्या दिवशीच पाठ झालं.

जागा म्हणजे इथं अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरचं ॲसाटीग नावाचं बेट. आमच्या घरापासून तीन तास, चेसापीकच्या खाडीवरचा तो लांबलचक पूल ओलांडून पुढं, जिथं आई तू डोळे मिटून बसली होतीस तोच पूल. साठेक किलोमीटर लांब आणि रुंदीला अगदीच चिंचोळं, नुसता वाळूचा पट्टा आहे, एका अंगाला अटलांटिक समुद्र आणि दुसऱ्या अंगाला उथळ खाडी. वरचा भाग मेरीलँड राज्यात, खालचा व्हर्जिनियात, आणि मधे हद्दीवर कुंपण, त्यामुळं घोड्यांचे पण दोन कळप, इकडचे तिकडं जात नाहीत. व्हर्जिनियातले घोडे तिथल्या गावच्या फायर ब्रिगेडच्या मालकीचे, ते दरवर्षी जुलैच्या शेवटी त्यांना खाडीतून पोहत पलीकडच्या चिंकोटीग गावात नेतात आणि शिंगरांचा लिलाव करतात, 1925 पासून चाललंय, आपल्या अकलूजच्या घोडेबाजारासारखीच गर्दी लोटते. आमच्याकडचे मात्र कुणाचेच नाहीत. म्हणजे कागदोपत्री नॅशनल पार्क सर्व्हिस बघते, पण हरीण, कोल्हा तसा घोडा. दाणावैरण नाही, नाल नाही, तबेला नाही, आजारी पडला तरी डॉक्टर बोलवत नाहीत.

तुम्ही लगेच म्हणणार, मग खातात काय वाळू? खाडीकाठचं खारट गवत, टणक, आपल्या लव्हाळ्यासारखं, त्यावरच बहुतेक पोट. ते खारं खाऊन तहान इतकी लागते की पाळीव घोड्याच्या दुप्पट पाणी पितात, त्यामुळं पोटं अशी फुगलेली की बघणाऱ्याला सगळ्याच घोड्या गाभण वाटतात, नर सुद्धा. उंचीला जेमतेम तुमच्या छातीला लागतील. बरेचसे अबलख, तांबड्यावर पांढरे पट्टे, आयाळ वाऱ्यानं गुंतलेली. पहिल्यांदा बघितले ना तेव्हा मला धनगराचंच तट्टू आठवलं. दिवाळी झाली की त्यांचा वाडा, म्हणजे सगळा तांडा, कोकणात उतरायचा तेव्हा आपल्या मळ्यात मेंढरं बसवायचे ना, त्यांचं ते तांबडं, पाठीवर अख्खं बिऱ्हाड, वर झाकलेल्या कोंबड्या आणि बाजूनं लोंबणारं कोकरू. आणि तुम्ही आतून शिळी भाकरी आणून माझ्या हातात द्यायचा, हात सपाट ठेव म्हणायचा, बोटं वर काढू नको. त्याच्या ओठांचा तो ओला खरखरीत स्पर्श माझ्या तळव्याला अजून आठवतोय.

आता खरी गोष्ट सांगते, जी फोनवर सांगायचं धाडस झालं नव्हतं. बेटावर आम्ही पहिल्यांदा गेलो तेव्हा पोरगी चार वर्षांची होती, आणि मी काय केलं असेल? पोळीचा रोल तिच्या हातात दिला, म्हटलं हात सपाट ठेव. पाटी वाचली होती मी, इंग्रजी येतं की मला, पण वाटलं हे गोरे लोक उगीच बाऊ करतात, जनावराला घास दिल्यानं काय होतंय. घोडीनं रोल घेतला, पोरगी खिदळली, तुमच्या जावयांनी फोटो काढला, तो फोटो तुम्ही देवघराच्या भिंतीवर लावलाय, तोच. पण फोटोत न आलेलं सांगते, त्या घोडीनं रोल संपवून पोरीच्या जॅकेटच्या खिशाला तोंड घातलं आणि ओढलं, पोरगी वाळूत पडली. मी तिला उचलून पळाले. घोडी मागं मागं आमच्या गाडीपर्यंत, आणि आम्ही दार लावून आत बसलो तर ती रस्त्यातच उभी राहिली, तिकडून येणाऱ्या गाडीनं करकचून ब्रेक मारला. थोडक्यात वाचली. रस्त्यावर घोडे मरतात इथं, खायला मिळतं म्हणून गाड्यांच्या जवळ येतात आणि मग रात्री धडक.

मग चिप नावाच्या घोड्याची गोष्ट कळली. खरं नाव डेलिगेट्स प्राईड, पण सगळे चिपच म्हणायचे. हा पठ्ठ्या लोकांचे कूलर, म्हणजे खाण्याच्या थंड पेट्या, उघडायला शिकला, तंबूत तोंड घालायचा, आणि मधे कुणी आलं तर अंगावर जायचा. 2017 पासून असे पन्नासच्या वर प्रकार झाले. शेवटी मे 2022 मधे त्याला गाडीत घालून टेक्सासला जनावरांच्या एका आश्रमात पाठवलं, बेटावरून तडीपार. तिथं बरा आहे म्हणतात, खायला प्यायला आहे, पण त्याचा समुद्र गेला आणि कळप गेला. त्याचा गुन्हा काय तर माणसांनी शिकवलेलं त्यानं पाठ केलं. मला त्या रात्री झोप नाही आली अण्णा, त्याला माझ्यासारख्याच कुणीतरी पहिला रोल दिला असणार, आणि हौसेनं दिला असणार. पुढच्याच उन्हाळ्यात मी फॉर्म भरला.

ह्या जुलैत एक मजा झाली. न्यूजर्सीवरून आपलीच मंडळी आली होती, तीन गाड्या, पुऱ्या, बटाट्याची भाजी, सगळं चादरीवर मांडलेलं. एक नर, काळपट, वाऱ्यावर नाक करून सरळ चालत आला. मी लांबून इंग्रजीत ओरडले, कुणी ढुंकून बघेना. एक आजी, नऊवारी नाही पण चापूनचोपून नेसलेलं सुती पातळ, पुरी धरून हात पुढं. आणि मुलाला म्हणतात कशा, "अरे ही कोण बया ओरडतीय?" मग मी मराठीतच हाक दिली, "अहो आजी, हात मागं घ्या, चावंल!" आजी अशा दचकल्या की पुरी खाली पडली. तोवर घोडा चादरीवर, पुऱ्यांची प्लॅस्टिकची पिशवीच तोंडात. ती गिळली असती तर आतडं बंद होऊन मेला असता. आम्ही सगळे लांब झालो, रेंजर बोलवला, सुदैवानं त्यानं पिशवी फाडून पुऱ्या खाल्ल्या आणि पिशवी टाकून दिली. आजी नंतर मला म्हणाल्या, "आपल्यात दारात आलेल्याला उपाशी नाही लावत गं." तुमचंच वाक्य. मी म्हटलं, आजी, दारात तो नाही आलेला, आपण त्याच्या दारात बसून जेवतोय. त्या काही बोलल्या नाहीत, पटलं असं पण म्हणवत नाही, पण जाताना मला दोन पुऱ्या देऊन गेल्या. त्या मी खाल्ल्या.

बाकी बघायला मिळतं ते काय सांगू. एक नर आणि त्याच्या चार पाच घोड्या, शिंगरं असा छोटा जथा असतो. दुसरा नर जवळ आला की हा मान जमिनीलगत घालतो, कान मागं पाडतो आणि सापासारखी मान हलवत आपल्या घोड्यांना हाकत नेतो, आवाज नाही, काही नाही. पण रोज कुठं चरायचं, पाण्यावर कधी जायचं हे बऱ्याचदा म्हातारी घोडीच ठरवते, ती निघाली की सगळे मागं, तो नर पण मागं. आई, हे तुला आवडेल. नावांचं पण तसंच आहे, रजिस्टरला आईच्या नावाची अक्षरं घेतात आणि जन्मसालाचं एक अक्षर पुढं जोडतात, झालं पोराचं नाव. बापाचा पत्ता नाही.

उन्हाळ्यात खाडीकडून गोमाश्या आणि डास इतके उठतात की घोडे बीचवर येऊन लाटांत उभे राहतात, ओळीनं, वाऱ्याकडं तोंड करून, आणि पाठीमागं छत्र्या लावून माणसं. शिंगरू वाळूत आडवं पडून झोपतं, अगदी मेल्यासारखं, मग दर दहा मिनिटांनी कुणीतरी रडवेलं होऊन सांगायला येतं की बाळ गेलं. नाही गेलं हो, झोपलंय. एकदा मी स्वतः घाबरले होते, टक लावून बरगड्या बघत बसले, हलेनात, आणि मग त्यानं शेपटी आपटली. गोचीड पण भयंकर, घरी आलं की आधी मोज्यात बघायचं.

तुम्ही विचारलं होतं, इतकी मोकळी सोडलेली जनावरं वाढत कशी नाहीत. वाढली होती. 1968 ला अठ्ठावीस होते, पुढं दीडशेच्या वर गेले, आणि बेट केवढंसं, गवत खाऊन वाळूचे ढीग उघडे पडायला लागले, गवताच्या मुळ्यांनीच तर वाळू धरलेली असते. मग 1994 पासून घोडीला लांबून बंदुकीनं सुई मारायची सुरू केली, मूल न होण्याची लस, डुकराच्या बिजांडापासून काढलेली. हसा. पण पकडायचं नाही, बांधायचं नाही, ती आपली गवत खात असायची आणि मांडीला टोचायचं, दोन उड्या मारायची की परत खाली मान. कळप ऐंशी ते शंभर ठेवायचा असा हिशोब. आणि दरवर्षी वीण नाही म्हटल्यावर घोड्या जास्त जगायला लागल्या, पहिल्यापेक्षा कितीतरी जास्त. आई, ह्यावर तुझं मत मला माहितीये, लिहित नाही.

हे घोडे आले कुठून ह्यावर इथं दोन पार्ट्या आहेत. एक म्हणते स्पेनचं जहाज फुटलं आणि घोडे पोहत आले. दुसरी म्हणते कसलं जहाज, सतराव्या शतकातल्या शेतकऱ्यांनी कुंपणाचा खर्च आणि जनावरांवरचा कर चुकवायला बेटावर सोडले. मला दुसरंच खरं वाटायचं, कर चुकवायला माणूस काय करेल ते आपण बघितलंय. पण 2022 मधे हैतीमधल्या जुन्या स्पॅनिश गावात सापडलेल्या घोड्याच्या दाताचा डीएनए तपासला तर तो चिंकोटीगच्या घोड्यांशी सगळ्यात जास्त जुळला, त्यामुळं जहाजवाले सध्या जोरात आहेत.

आणि तुमच्यासाठी राखून ठेवलेली गोष्ट. हे बेट राहिलं कसं माहितीये? पन्नास साली तिथं प्लॉटिंग झालं होतं! रस्ता केला, हजारो प्लॉट विकले, लोकांनी घेतले पण. मार्च 1962 मधे, म्हणजे पानशेत फुटलं त्याच्या पुढच्याच वर्षी, असं वादळ आलं की समुद्र ह्या बाजूनं आत आणि त्या बाजूनं बाहेर. घरं, रस्ता, खुणेचे दगड, सगळं साफ. 1965 ला सरकारनं ते राखीव केलं. त्या रस्त्याचे डांबराचे तुकडे अजून वाळूत पडलेत, मी बोट लावून बघितलं, वर बॉल्टिमोर बुलेव्हार्ड म्हणून भारी नाव होतं त्याला. डांबरावर घोड्याची लीद होती.

तर अण्णा, राग धरू नका. तुम्ही शिकवलं ते चुकीचं होतं असं मी म्हणत नाहीये. धनगराचं तट्टू माणसाचं काम करतं, त्याला माणसाची भाकरी मिळाली पाहिजे. ह्यांचं आणि आपलं तसं काही देणंघेणं नाही, मला एवढाच फरक दिसतो, आणि तुमचं काय म्हणणं ते लिहा, दादाला सांगा, तो टाईप करेल.

ह्या वर्षी वाडा येऊन गेला का कळवा. ते तांबडं तर कधीच गेलं असेल, पण त्यांच्याकडं आता कुठलं आहे, का टेम्पोच घेतलाय? घोडं असलं तर दिवाळीनंतर भाकरी द्या. पोरीला व्हिडिओ कॉल लावा त्या वेळी, तिला बघायचंय. आणि देवघरातला तो फोटो काढू नका, असू दे.

आई, लसणाची चटणी संपली.

तुमची
बेबी