बारकी आता माझ्याकडेच राहील

प्रिय आई-बाबा,

बारकी माझ्याजवळ आहे. जेवली, झोपली. काळजी करू नका आणि रागवायचं तर माझ्यावर रागवा, तिला काही बोलू नका. ती शनिवारी परत येणार नाही. अकरावीचा फॉर्म आता सगळीकडे ऑनलाइनच असतो, तो मी भरून टाकला. कॉलेजं ठाण्यातली दिली.

तुम्हाला विचारलं नाही, हे चुकलंच. पण विचारलं असतं तर बाबा गप्प बसले असते, आई रडली असती आणि माझा हात चाललाच नसता. पाहुण्यांना तुम्ही शब्द दिलाय. मुलगा चांगला असेलही. पण ती 16 ची आहे, कायद्याने 18 पूर्ण लागतात. आणि लग्नापायी भट्टीवाल्याची उचल घेतलीत तर दिवाळीनंतर पुन्हा भिवंडीला विटा थापायला जाणं आलं. बाबांच्या कंबरेला ते आता झेपायचं नाही. माझ्या लग्नाची उचल फिटायला चार पावसाळे गेले. बोलून दाखवत नाही हो. तेव्हा तुमच्या हातात दुसरं काय होतं!

कळव्याची खोली लहान आहे, पण दाराला आतून कडी आहे, मोरी घरातच आहे. आई, भट्टीवर तिला पहिल्यांदा पाळी आली, तेव्हा अंधार पडेपर्यंत ती झोपडीबाहेर आली नव्हती. तू तुझं लुगडं फाडून दिलंस. इथे तिला अंधाराची वाट बघावी लागत नाही. सकाळी नळ सोडला की मला तू आठवतेस. तानसा धरण आपल्या उशाशी, आणि मे महिन्यात तू हंडा घेऊन झऱ्यावर रात्र काढतेस.

तिचं रक्त कमी निघालं, गोळ्या सुरू केल्यात. रोज माझ्यासमोर घेते.

बाबा, ओढ्याला पाणी चढलं की तुम्ही मला खांद्यावर बसवून शाळेत न्यायचात. मी तुमचे कान धरून बसायचे. एकदाही माझे पाय भिजू दिले नाहीत तुम्ही. बारकीला मी तसंच नेणार आहे.

बीपीची गोळी चुकवायची नाही. संपायच्या आधी सरकारी दवाखान्यातून आणायची. आई, मिश्री कमी कर. पाहुण्यांना सांगा, मोठीने अडवलं. खुशाल माझं नाव घ्या.

पेरा उरकला की दोघं या. खर्डीहून कसारा लोकल धरा, दीडेक तास लागतो. ठाण्याला उतरून तिकीट खिडकीपाशीच थांबा, मी घ्यायला येते. नाचणीचं पीठ आणा. तिला इथली भाकर गोड लागत नाही.

तुमची,
मोठी