बाबांनी पाठवलेली खर्चाची यादी

पुणे

ती. आई-बाबांना,
सा. न.

बाबा, तुमची यादी मिळाली. वहीच्या पानावर डावीकडे 'बंद करायचे', उजवीकडे 'चालू ठेवायचे' आणि खाली तारीख घालून तुमची सही. आम्ही दोघांनी ती नीट बसून वाचली. फोनवर हा विषय काढला की आई "अगं, भागतंय आमचं" म्हणून जेवण झालं का विचारायला लागते, म्हणून लिहून पाठवतेय. हे पत्र तिलाही मोठ्यानं वाचून दाखवा.

तुमच्या हिशोबात कुठेही खोट नाही. वरच्या मजल्याचे भाडेकरू गेले आणि ती रक्कम थांबली. त्यातच बँकेतली ठेव मोडून नव्यानं ठेवावी लागली ती नेमकी व्याज उतरल्यावर. रिझर्व्ह बँकेनं २०२५ या एका वर्षात रेपो दर, म्हणजे ती बँकांना ज्या व्याजानं पैसे देते तो, साडेसहावरून सव्वापाच टक्क्यांवर आणला. घरासाठी कर्ज काढलेल्या आमच्यासारख्यांचा हप्ता हलका झाला आणि व्याजावर घर चालवणाऱ्या तुमच्यासारख्यांच्या हातात कमी पडायला लागलं. खर्चाला कात्री लावायला हवी, हे मला पूर्ण मान्य आहे. ती कुठे लावायची, यावर माझं तुमच्याशी पटत नाही.

'बंद'च्या रकान्यात तुमच्या पहिल्या चार ओळी अशा आहेत: मराठी नाटकं आणणाऱ्या सानंद संस्थेचं सभासदत्व, कामाच्या ताई, आरोग्य विमा, फळं. आणि 'चालू'मध्ये गाडी, लग्नकार्यातले आहेर, वर्षाचा गहू, आमची दिवाळीची खरेदी. बाबा, जे तुमच्या दोघांच्या जिवाला आणि अंगाला लागतं ते सगळं तुम्ही डावीकडे टाकलंय आणि चार लोकांना दिसतं ते उजवीकडे. तुम्ही आयुष्यभर असंच केलंत, आमच्या फिया भरताना तर केलंतच. पण आता तुम्ही त्र्याहत्तर वर्षांचे आहात आणि आईचे गुडघे तिला ओट्यापाशी अर्धा तास उभं राहू देत नाहीत. आता हे चालणार नाही.

सानंदपासून सुरुवात करते, कारण तुम्ही त्याच्यापुढे 'चैन' असं लिहिलंय आणि ते मला फार लागलं. मुंबई-पुण्याची नाटकं इंदुरात येतात, सभासदांच्या वेगवेगळ्या समूहांसाठी लागोपाठ प्रयोग होतात, सभागृह भरतं. हे इथल्या माझ्या मैत्रिणींना सांगितलं तर त्यांना आश्चर्य वाटतं. नाटकाच्या दिवशी आई दुपारीच साडी काढून ठेवते. मध्यंतरात तुम्हाला तुमचे रामबागेतले, राजेंद्रनगरचे, लोकमान्यनगरचे सगळे लोक एका जागी भेटतात. कोणाची अँजिओप्लास्टी झाली, कोणाचा नातू जर्मनीला गेला, हे सगळं तिथेच कळतं. एरवी आठवडाभर तुम्ही दोघं फक्त एकमेकांशी आणि टीव्हीशी बोलता. हा खर्च मी शेवटच्या रुपयापर्यंत ठेवणार. खंडवा रोडवरच्या त्या सभागृहातून रात्री परत येण्याचं रिक्षाभाडंसुद्धा त्यातच धरायचं, आणि ते देताना रिक्षावाल्याशी घासाघीस करत अंधारात उभं राहायचं नाही.

कामाच्या ताईंचंही तेच. त्यांचा पगार वाचवला तर भांडी, केर आणि फरशी आईवर येणार, कारण तुम्ही कितीही म्हणालात तरी ती तुम्हाला फरशी पुसू देणार नाही. ओल्या फरशीवर या वयात एकदा पाय घसरला तर खुब्याच्या ऑपरेशनला जे लागेल त्यात ताईंचे कित्येक वर्षांचे पगार निघतील. शिवाय रोज सकाळी कोणीतरी दार वाजवतं, तुम्हा दोघांना डोळ्यांनी बघून जातं, हे मला इथे बसून किती धीर देतं ते तुम्हाला ठाऊक नाही. ताई आहेत तशाच राहतील. दिवाळीचा त्यांचा महिन्याचा पगारही तसाच.

आता विमा. तुमचं म्हणणं असं, की आयुष्मानचं कार्ड आलं, मग हप्ता कशाला भरायचा? कार्ड काढलंत ते फार चांगलं केलंत. २९ ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरी पूर्ण झालेल्या कोणालाही उत्पन्न न बघता वर्षाला ५ लाखांपर्यंतचं संरक्षण मिळतं आणि खासगी विमा असला तरी ते घेता येतं. पण बाबा, ते कार्ड तुमचं आहे. आईला सत्तर पूर्ण व्हायला अजून दोन वर्षं आहेत. आपला विमा दोघांचा एकत्र आहे, म्हणजे तुम्ही तो सोडलात की आई उघडी पडते. तिला साखर आणि बीपी दोन्ही आहेत. पॉलिसी एकदा खंडित झाली आणि पुन्हा नवी घ्यायची म्हटलं तर या वयात आधी कंपनीनं घ्यायला हवी, आणि घेतली तरी जुन्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. इतकी वर्षं हप्ते भरून मिळवलेलं सगळं तिथे संपतं. शिवाय आयुष्मान योजनेतल्या हॉस्पिटलांतच चालतं. ज्या डॉक्टरांवर आईचा विश्वास आहे ते त्यात असतील याची खात्री कोण देणार?

आणि थोडी बरी बातमीही आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटी उठला आहे. ज्येष्ठांचा हप्ता वर्षाला १० टक्क्यांपेक्षा जास्त वाढवायचा तर कंपनीला आधी विमा नियामकाकडे जावं लागतं, हा नियमही २०२५ च्या जानेवारीत आला. त्यामुळे मागच्या वेळी बसला तसा धक्का सहसा बसायचा नाही. हा हप्ता या वर्षापासून मी भरणार आहे. त्याबद्दल शेवटी लिहिते.

विमा ठेवायचा, पण औषधांचा खर्च मात्र खरोखर कमी होऊ शकतो, आणि तो तुमच्या यादीत कुठेच नाही. तुम्ही बीपीची आणि कोलेस्टेरॉलची गोळी जी कंपनीची घेता तेच औषध जनऔषधी केंद्रात बहुतेक वेळा निम्म्याहून कमी किमतीत मिळतं. पुढच्या तपासणीला डॉक्टरांना कंपनीचं नाव न लिहिता औषधाचं मूळ नाव आणि मात्रा लिहून द्यायला सांगा, आणि कोणत्या गोळ्या बदलायला त्यांची हरकत नाही ते त्यांच्याकडूनच टिकमार्क करून घ्या. एखादी बदलू नका म्हणाले तर ती आहे तीच राहू द्या. आणि आई, हे तुझ्यासाठी: साखरेची गोळी एक दिवसाआड घेऊन पत्ता पुरवायचा नाही. मावशीनं मला सांगितलंय.

गाडी विकायची. लिहायला मलाही जड जातंय, त्याच गाडीतून तुम्ही मला लग्नानंतर पहिल्यांदा स्टेशनवर सोडायला आला होतात. पण ती २०११ ची आहे, म्हणजे नोंदणीची १५ वर्षं भरत आली. नूतनीकरणाचे ५ हजार, फिटनेस, विमा, पीयूसी, आणि वापर नसल्यामुळे उतरणारी बॅटरी. एवढं करून ती महिन्यातून एकदा मंदिरापर्यंत जाते. तुम्हीच म्हणालात की संध्याकाळी समोरच्या दिव्यांचा डोळ्यांना त्रास होतो. ती जेव्हा उभी असते तेव्हाही पैसे खाते. विकून येतील ते पैसे वेगळ्या खात्यात ठेवा आणि रिक्षा, कॅब सगळं त्यातून करा, म्हणजे दर वेळी पाकीट उघडताना जीव वर-खाली होणार नाही.

विजेचं मी सगळ्यात बारकाईनं बघितलं. तुम्ही बिलांचे फोटो पाठवलेत ते बरं झालं. मध्य प्रदेशातल्या अटल गृहज्योती योजनेत महिन्याचा वापर १५० युनिटच्या आत असला की पहिल्या १०० युनिटांचे १०० रुपयेच लागतात. १५० च्या वर गेलात की त्या महिन्याची सवलत गेली, मग सगळ्या युनिटांना नेहमीचा दर. तुमची पावसाळ्यातली बिलं १७५-१८० युनिटांची आहेत. म्हणजे पंचवीस-तीस युनिटांपायी तुम्ही दर महिन्याला सवलत घालवताय, आणि उपाय म्हणून यादीत लिहिलंय 'दुपारी पंखा बंद'. इंदूरच्या सप्टेंबरात दुपारी पंखा बंद! तसं काही करायचं नाही. हॉलमधला आणि झोपायच्या खोलीतला पंखा जुना, ७५ वॅटचा आहे. सोळा तास फिरला की एकेक पंखा दिवसाला १.२ युनिट घेतो. नव्या पद्धतीचा, कमी वीज खाणारा बीएलडीसी पंखा ३० वॅटच्या आसपास घेतो, म्हणजे तेवढ्याच तासांत अर्ध्या युनिटाच्या आत. एका पंख्यामागे महिन्याला वीस-एकवीस युनिट, दोन्ही पंख्यांचे चाळीस. बिल सरळ १४० वर येतं. पंखा तीनेक हजारांना मिळतो, दोन घ्या. आणि स्टोअरमधला तो दुसरा जुना फ्रिज, ज्यात फक्त पाण्याच्या बाटल्या असतात, त्याचा प्लग काढून टाका. घरात माठ आहे आणि आईला पाणी माठातलंच आवडतं.

मे-जूनमध्ये कूलर लागला की १५० ओलांडेल. ओलांडू दे. सवलतीसाठी उकाड्यात झोपायचं नाही.

गव्हाबद्दल आई आणि तुमचं भांडण झालेलं दिसतंय, कारण यादीत 'शरबती' खोडून 'लोकवन' लिहिलंय आणि पुन्हा 'शरबती' केलंय. शरबतीच ठेवा. आईच्या पोळ्या हा त्या घरातला रोजचा आनंद आहे. पण पाच माणसं होतो तेव्हा तीन क्विंटल भरायचो आणि अजूनही तुम्ही दोन भरता! तुम्ही दोघं सकाळी दोन-दोन पोळ्या खाता आणि रात्री बहुधा खिचडी. सव्वा क्विंटल पुष्कळ झाला, आम्ही मे महिन्यात येऊन राहिलो तरी. उरलेल्याला दर वर्षी किडे लागतात आणि मग आई उन्हात बसून निवडत राहते. प्रत हीच, माप कमी. डाळी, तेल, साबुदाणा कोपऱ्यावरच्या दुकानातून किलो-किलो न आणता दोन महिन्यांतून एकदा शेजारच्या काकांबरोबर सियागंजच्या घाऊक बाजारातून आणा. ते जातातच. फळं 'बंद'मधून काढून टाका, त्यावर मी चर्चा करणार नाही.

टीव्हीच्या पॅकमध्ये तुम्ही बघत नाही असे कितीतरी चॅनेल आहेत, तो मी इथून बदलून देते. लॉकर दोन आहेत, एक पुरे.

आहेराचं जरा अवघड आहे, कारण तिथे प्रश्न पैशाचा कमी आणि मानाचा जास्त. 'त्यांनी आपल्या मुलीच्या लग्नात इतके दिले होते' हे तुमच्या वहीत वर्षानुवर्षं लिहिलेलं आहे. पण लग्नाला जाऊन, अक्षता टाकून, पोरांना आशीर्वाद देऊन येणारी तुमच्या पिढीची माणसं आता किती उरलीत? तुम्ही दोघं गेलात हेच त्यांना मोठं वाटतं. सगळ्यांना एकच ठरावीक आकडा ठेवा, जवळचा-लांबचा भेद न करता. आईला हे पटायला वेळ लागेल, पण एकदा ठरवलं की दर पाकिटापुढे बसून विचार करणं संपेल.

आणि आमची दिवाळी. जावयाला कपडे, मला साडी, नातीला सोन्याचं काहीतरी. हे बंद. माझ्या कपाटात न नेसलेल्या साड्या आहेत आणि नातीला आजी-आजोबांचा फोन कानातल्यांपेक्षा जास्त आवडतो, ती रविवारी वाट बघत बसते. सेव मात्र पाठवा. लवंगेची, तिखट, दोन किलो. त्यावर मी कात्री लावू देणार नाही.

आता शेवटचं, ज्यावरून फोन नेहमी तुटतो. बाबा, तुम्ही म्हणता मुलीच्या घरचं घ्यायचं नाही. दादा देईल ते चालतं आणि माझं चालत नाही, हे मला सहन होत नाही. तुम्ही दादाला आणि मला एकाच शाळेत घातलंत, मला बाहेरगावी शिकायला पाठवताना नातेवाइकांशी वाद घातलात. ज्या नोकरीचे पैसे मी देतेय ती नोकरी त्याच शिक्षणानं मिळाली. आई-वडिलांना सांभाळण्याच्या २००७ च्या कायद्यातसुद्धा अपत्य म्हणजे मुलगा आणि मुलगी दोघंही. तुम्ही तर कायद्याच्या कितीतरी आधी हे घरात केलंत. विम्याचा हप्ता मी माझ्या खात्यातून भरते. मी अजून जुन्या करपद्धतीत आहे, त्यामुळे ज्येष्ठ आई-वडिलांच्या हप्त्यावर मला ५० हजारांपर्यंत वजावटही मिळते. पंखे दादा घेणार आहे, त्याच्याशी बोलले. बाकीचं घर तुमच्या पैशात चालतं, मी सगळं मांडून बघितलंय. सोबत हिशोबाचं पान जोडलंय, तपासा आणि चूक दिसली तर लाल पेनानं दाखवा.

एक काम लगेच करायचंय. तुमची ठेव पुढच्या महिन्यात पुन्हा मुदत संपून येतेय. ती आपोआप नूतनीकरणाला जाऊ देऊ नका. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ८.२ टक्के मिळतात, व्याज दर तीन महिन्यांनी खात्यात येतं आणि उघडताना असलेला दर पाच वर्षं तोच राहतो. तुमच्या ३० लाखांच्या मर्यादेत अजून बरीच जागा आहे. मुदतीआधी काढले तर थोडी कपात होते, म्हणून आजारपणासाठी लागतील तेवढे बँकेतच ठेवा. दादा शनिवारी येतोय, त्याला घेऊन पोस्टात जा. पासबुक, पॅन, आधार आणि दोन फोटो लागतील. गाडीचं आरसी पुस्तकही त्यालाच दाखवा, नोंदणीची नेमकी तारीख त्यात आहे.

आईला सांगा, गुडघ्याचा पट्टा घालून बस.

तुमची,
लेक