दप्तरखान्याच्या किल्ल्या

प्रिय मंगल,

परवा फोनवर तू विचारलंस, "अमेरिकेतल्या काळ्या माणसांचा इतिहास लिहिला तरी कुणी?" तेव्हा घाईत होते, उत्तर अर्धंच राहिलं. ते मनातून जाईना, म्हणून आज लिहायला बसले.

जोतीरावांनी 1873मध्ये 'गुलामगिरी' अमेरिकेच्या लोकांना अर्पण केली ना, त्याच वेळी तिकडे दक्षिणेत कालचे गुलाम मतदान करत होते, विधिमंडळात बसत होते. 1877नंतर ते सगळं हळूहळू हिसकावलं गेलं. गुलामगिरी संपल्यानंतरच्या त्या काळाला तिकडे 'रिकन्स्ट्रक्शन' म्हणजे पुनर्रचना म्हणतात. आणि त्या काळाचा इतिहास लिहिला कोलंबिया विद्यापीठाच्या विल्यम डनिंग यांनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी! काळ्यांना मताधिकार दिला हीच मुळात चूक, असा त्यांचा सूर. पुढच्या कितीतरी पिढ्या शाळेत हेच शिकल्या. बाबासाहेब 1913मध्ये कोलंबियात पोहोचले तेव्हा डनिंग तिथेच शिकवत होते, हे लक्षात आलं तेव्हा मी बराच वेळ नुसती बसून राहिले गं.

काळे इतिहासकार ड्यू बॉईस यांनी 1935मध्ये 'ब्लॅक रिकन्स्ट्रक्शन' लिहून या मांडणीला तोंड दिलं. काळ्या सदस्यांच्या त्या विधिमंडळांनी दक्षिणेत सार्वजनिक शाळांचा पाया घातला, हे त्यांनी दाखवलं. काळी माणसंही इतरांसारखीच साधी माणसं आहेत असं धरून मी लिहितोय, त्यामुळे माझे वाचक कमी होतील, असं त्यांनी सुरुवातीलाच सांगून टाकलंय. इतिहासकारांच्या मानाच्या नियतकालिकाने त्या पुस्तकाचं परीक्षणसुद्धा छापलं नाही.

पण मला सगळ्यात लागलं ते जॉन होप फ्रँकलिन या दुसऱ्या काळ्या इतिहासकाराचं. 1939 साल, वय चोवीस, हार्वर्डचा विद्यार्थी. नॉर्थ कॅरोलायना राज्यातल्या, गुलामगिरीच्या काळातही गुलाम नसलेल्या काळ्या लोकांवर काम करायचं म्हणून ते रॅलेच्या सरकारी दप्तरखान्यात गेले. तिथले प्रमुख म्हणाले, इमारत बांधताना इथे काळा अभ्यासक येईल असं वाटलंच नव्हतं. थोडे दिवस द्या. मग एक वेगळी खोली रिकामी करून टेबल-खुर्ची मांडली. गोऱ्या नोकरांना काळ्या माणसाची कामं करायला लागू नयेत म्हणून फ्रँकलिन यांच्याच हातात थेट कागदपत्रांच्या खोल्यांच्या किल्ल्या दिल्या! हवी ती बाडं स्वतः काढायची, ढकलगाडीवर घालून आणायची. काही दिवसांतच गोऱ्या अभ्यासकांनी तक्रार केली, आम्हालाही किल्ल्या द्या. झालं, यांच्या किल्ल्या काढून घेतल्या.

आठ वर्षांनी, 1947मध्ये, त्यांचं 'फ्रॉम स्लेव्हरी टू फ्रीडम' हे काळ्या अमेरिकनांच्या इतिहासाचं पुस्तक आलं. मी ते वाचताना सारखी ती ढकलगाडीच डोळ्यांपुढे येत होती.

माजी गुलामांच्या 1936 ते 1938मध्ये सरकारने घेतलेल्या मुलाखतींबद्दल तुला खूप सांगायचंय. 2,300हून जास्त आहेत, पण विचारणारे बहुतेक गोरेच. थकलेली आजी अशा पाहुण्यापुढे किती खरं बोलणार?

दिवाळीला येशील तेव्हा ड्यू बॉईस घेऊन जा. शेवटचं प्रकरण आधी वाच, ते थेट इतिहासकारांवरच आहे.

तुझीच,
शोभा