आशाताई, ताटासमोर बसवल्याबद्दल

आदरणीय आशाताईंस,
सविनय नमस्कार.

तुम्ही आमच्या गावच्या आशा सेविका. तुमचे खरे नाव मी या पत्रात लिहीत नाही, कारण माझे नाव तुम्ही दारव्हा तालुक्यात कुठेही निघू दिले नाही. पत्र मात्र सर्वांसमोर लिहीत आहे; एखादी मुलगी ‘उपवास आहे’ म्हणून ज्या घरात रोज ताट सरकवत असेल, त्या घरापर्यंत ते पोहोचावे.

बारावीच्या वर्षी माझा सोमवार सुरू झाला, मग गुरुवार, मग चतुर्थी-एकादशी, आणि श्रावण सरला तरी उपवास सुटले नाहीत. लेक देवभोळी निघाली याचे आईला समाधान होते. मी साबुदाणासुद्धा तोंडात घालत नाही, हे सकाळीच निंदणाला जाणाऱ्या तिला दिसणार कसे? जिथे उपाशी झोपलेल्या पिढीच्या गोष्टी अजून सांगितल्या जातात, तिथे वरण-भाताची भीती वाटते असे मी कोणाला सांगणार होते? पहिल्या डॉक्टरांनी रक्तवाढीचे टॉनिक लिहून दिले आणि ‘लग्न झालं की खाईल’ हा सल्ला वर फुकट दिला.

तुम्ही ओळखलेत ते तुमच्याकडून मी दरमहा घ्यायची त्या सॅनिटरी पॅडच्या पाकिटावरून. वैशाखात, बैलांनाही सावली पुरत नव्हती अशा दुपारी, मी शाल पांघरून ओसरीत बसले होते. तुम्ही माझा गार हात हातात धरला, दंडावरची नवी बारीक लव पाहिली आणि आई पाणी आणायला गेल्यावर हळूच म्हणालात, “पाच महिने झाले, तुयं पाकीट माह्याजोळच पडून हाय.” एवढ्या एका वाक्याने माझे खोटे संपले.

यवतमाळला तुम्हीच सोबत आलात. ‘ॲनोरेक्सिया नर्व्होसा’ हे नाव तिथे प्रथम ऐकले. हा हट्ट नसून मनाचा आजार आहे आणि तो शरीरालाही खातो, हे मानसोपचारतज्ज्ञांनी आईला समजावले. नाडी मंद होती, रक्तातले पोटॅशियम कमी होते, म्हणून काही दिवस भरती राहावे लागले. तिसऱ्याच दिवशी आईने तुपात थबथबलेला शिरा आणला, तेव्हा तुम्ही तो डबा तिच्या हातातून काढून घेतलात. फार दिवस उपाशी राहिलेल्या शरीरात एकदम भरपूर अन्न गेले, तर रक्तातले फॉस्फेट झपाट्याने उतरते आणि हृदयाला धोका होतो, म्हणून जेवण डॉक्टर सांगतील तसे टप्प्याटप्प्यानेच वाढवायचे, हे तुम्ही तिला तिच्या भाषेत सांगितलेत. आई त्या दिवशी तुमच्यावर रागावली होती; आज तो प्रसंग ती स्वतःच सगळ्यांना सांगते.

घरी आल्यावर नियम ठरला की ताट आई वाढेल आणि मी घासाघीस करणार नाही. तो पाळणे म्हणजे काय, हे तुम्हीच पाहिले आहे. अर्ध्या भाकरीसाठी मी दीड तास रडत बसायची आणि तुम्ही समोर तुरीच्या शेंगा सोलत राहायच्या; ना माझ्या वजनाचा विषय, ना ‘आता चेहरा भरला’ असले कौतुक, जे तेव्हा मला शिवीसारखे लागायचे. किती खाल्ले हेही तुम्ही कधी विचारले नाही. “ताटाजोळ बसली का, तेवढंच सांग,” इतकेच. तुमच्या मोबदल्याचा एक भाग कामागणिक ठरतो. कोणाच्या ओसरीत शेंगा सोलत बसण्याचा रकाना त्या तक्त्यात नाही, हे मला पुढे कळले आणि फार लाज वाटली.

मधे एकदा, पोळ्याच्या सुमारास, मी पुन्हा घसरले. त्या रात्री तुम्हाला उठवण्याऐवजी, तुम्ही वहीच्या पुठ्ठ्यावर लिहून दिलेल्या टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर मी फोन केला. तिथे मराठीत बोलता आले, आणि सकाळी तुम्हाला सगळे सांगता आले.

अजूनही काही दिवस जड जातात. तपासणीला मी नियमाने जाते, पाळी परत आली आहे आणि यंदा श्रावणात आईने स्वतःच माझे सोमवार बंद केले.

महालक्ष्म्यांच्या जेवणाला या, ताई. मी तुमच्या शेजारच्याच पाटावर बसेन. आंबील मात्र वाढू देणार नाही. ती मला आजाराच्या आधीपासूनच आवडत नाही.

तुमची,
ओसरीतली शालवाली